डोळे उघडले की लाट मोडते

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ज्यांचं बालपण गेलं, त्यांना गार्डाची जुनी हातबत्ती कशी असते हे सांगावं लागत नाही. आत ज्योत, पुढे भिंग आणि मधे फिरवता येतील अशा दोन काचा, एक लाल, एक हिरवी. मोडकी बत्ती पोरांच्या हाती लागली की पहिल्यांदा निघायच्या त्या काचा. डाव्या डोळ्यापुढे लाल काच धरायची, उजव्यापुढे हिरवी आणि चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतीकडे एकटक बघायचं. दोन रंग मिसळून तिसराच काहीतरी दिसेल असं वाटतं. पण सहसा तसं होत नाही. भिंत थोडा वेळ लाल दिसते, मग कडेने हिरवा रंग सरकत येतो आणि सगळी भिंत हिरवी होते, मग पुन्हा लाल. मधे कधी ठिगळं जोडल्यासारखी दोन्ही. आपण कितीही ठरवलं तरी हवा तो रंग फार वेळ धरून ठेवता येत नाही.

या खेळात भिंत बदललेली नसते. काचा बदललेल्या नसतात. डोळ्यांत शिरणारा उजेडही तोच असतो. तरी दिसणं बदलतं. मग बदललं काय आणि कुठे?

मेंदूत, हे उत्तर आज शाळेतलं पोरही देईल. पण मेंदूतल्या कुठल्या घडामोडीला ‘दिसणं’ म्हणायचं, आणि तशी घडामोड दाखवता आली तर दिसण्याचा उलगडा झाला असं म्हणायचं का, या वादाचा एक जुना आणि विसरला गेलेला धागा भुसावळहून गाडीने दोनेक तासांवर आहे. सुरत लाइनची गाडी धरायची. जळगाव, पाळधी, धरणगाव मागे पडतात आणि बोरी नदीच्या काठी अमळनेर येतं.

अमळनेर म्हटलं की लोकांना सखाराम महाराजांचं संस्थान आठवतं, साने गुरुजी आठवतात. शेअर बाजारात रस असलेल्यांना १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून निघालेली विप्रो आठवते. २०२४ च्या फेब्रुवारीत इथे साहित्य संमेलन झालं, तेव्हा गाव पुन्हा वर्तमानपत्रांत आलं. पण १९१६ साली या गावात जे सुरू झालं ते या सगळ्यांपेक्षा विचित्र होतं. एका कापडगिरणीच्या मालकाने जाणिवेचा अभ्यास करायला संस्था काढली.

मोतीलाल माणेकचंद, म्हणजे खानदेशचे प्रतापशेठ. गिरणीमालक दवाखाना काढतो, धर्मशाळा बांधतो, फार तर शाळा काढतो. प्रतापशेठांनी हायस्कूलला हात दिलाच, पण त्याखेरीज तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. शांकर अद्वैताचा अभ्यास आजच्या तर्काच्या कसोटीवर व्हावा, त्यासाठी देशभरातून हुशार माणसं आणावीत, त्यांना विद्यावेतन द्यावं, राहायची सोय करावी आणि विचार करू द्यावा. कपाशीच्या गाड्या आणि गिरणीचा भोंगा यांच्या शेजारी ब्रह्म आणि माया. ही गंमत त्या काळच्या गावकऱ्यांच्याही लक्षात आली असणारच. साने गुरुजी अमळनेरला पहिल्यांदा आले ते याच संस्थेत तत्त्वज्ञान शिकायला. शाळेतली नोकरी त्यानंतरची.

त्याच १९१६ साली अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत एक तरुण शिक्षक रुजू झाले. जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. १९०३ मध्ये संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवलेली. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात अंग कमावलेलं. टिळकांचं राजकारण डोक्यात भिनलेलं. १९२० मध्ये ते अमळनेरच्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले. दरम्यान नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजी महाराज त्यांना गुरू म्हणून भेटले होते. गुरूंकडून ते योगक्रिया शिकले आणि त्यांचं काय होतं ते पाहायला क्ष-किरण यंत्राकडे गेले! बडोद्याच्या सरकारी इस्पितळात उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसाचं पोट त्यांनी यंत्रापुढे उभं केलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो आणि म्हणून पाणी आपोआप वर खेचलं जातं, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या पोकळीला गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम.

१९२३ मध्ये इंग्रज सरकारने नॅशनल कॉलेज बंद पाडलं. राष्ट्रीय वृत्तीची पोरं तयार होतात, हा त्या कॉलेजचा गुन्हा. प्राचार्यांची नोकरी गेली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२४ मध्ये, गुण्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, ‘योगमीमांसा’ नावाचं त्रैमासिक सुरू केलं आणि स्वामी कुवलयानंद या नावाने जग त्यांना ओळखू लागलं. सरकारने अमळनेरचं ते कॉलेज चालू ठेवलं असतं तर लोणावळ्याची प्रयोगशाळा कदाचित झालीच नसती.

कुवलयानंदांबद्दल मला आदर वाटतो तो एका कारणाने. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, असं तेव्हा सगळे सांगत होते (आजही व्हॉट्सअॅपवर सांगतात). त्यांनी श्वास मोजला. तसा काही फायदा होत नाही, असं आढळलं. ते त्यांनी छापलं. स्वतःच्या घरातल्या देवाला तराजूत घालायची ही हिंमत त्या काळात दुर्मीळ होती, आणि आता तर फारच.

एका गावातून असे दोन रस्ते निघाले. एक गावातच राहिला, मिटल्या डोळ्यांनी विचार करत. दुसरा लोणावळ्याला जाऊन यंत्रं जमवू लागला.

कैवल्यधाम निघायच्या तीन महिने आधी, ६ जुलै १९२४ रोजी, जर्मनीत येना गावी हान्स बर्गर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. बर्गरची प्रेरणाही अध्यात्माशेजारचीच होती. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि मरता मरता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली: बहिणीला वाटलं तुझ्यावर संकट आलंय, कसा आहेस? मनाची शक्ती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाते, अशी त्याची खात्री झाली आणि ती शक्ती मोजायची म्हणून तो आयुष्यभर गुपचूप खपला. ती काही सापडली नाही. पण दुसरंच काही हाती आलं. माणूस डोळे मिटून शांत बसला की डोक्याच्या मागच्या बाजूला विजेची एक संथ लाट उठते, सेकंदाला साधारण दहा हेलकाव्यांची. ताकद किती, तर एका व्होल्टचे काही दशलक्षांश भाग. आणि डोळे उघडले की ती लाट मोडते.

बर्गरने हे १९२९ साली छापलं. फारसं कुणी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा जगाने मानलं. एड्रियनच्या डोक्यातून लाट झकास निघायची, मॅथ्यूजच्या डोक्यातून धड निघायची नाही. तरी दोघांना एक गोष्ट दिसली जी आपल्या कथेत महत्त्वाची आहे. काळोख्या खोलीत, जिथे उजेडाचा कणही नाही, तिथे माणसाने डोळे ताणून काही दिसतंय का ते पाहायचा नुसता प्रयत्न केला तरी लाट मोडते. म्हणजे तिचं नातं उजेडाशी तेवढं नाही, जेवढं बघण्याशी आहे. मेंदूच्या कामाचा आणि पाहण्याच्या अनुभवाचा असा सांधा यंत्राच्या कागदावर उमटण्याची ही सुरुवात होती.

हे यंत्र घेऊन योग्यांकडे कुणी जाणार, हे ठरलेलंच होतं. गेला तो माणूस मात्र कादंबरीत शोभेल असा होता. बसुकुमार बागची हे बंगालचे. तरुणपणी संन्यास घेऊन स्वामी धीरानंद झाले, योगानंदांबरोबर अमेरिकेत योगाचा प्रसार केला, मग १९२९ मध्ये त्यांच्यापासून वेगळे झाले, भगवी वस्त्रं उतरवली आणि मिशिगन विद्यापीठात मेंदूचे आलेख वाचणारे तज्ज्ञ बनले. १९५७ मध्ये हे माजी स्वामी, कॅलिफोर्नियाच्या वेंगर नावाच्या सहकाऱ्याबरोबर, आठ पेनांचं यंत्र घेऊन काही महिने भारतात फिरले. लोणावळ्यालाही आले. एकेकाळी ज्याची दीक्षा घेतली होती ते आता तारा लावून मोजायचं, यात बागचींना काय वाटलं असेल! निबंधांत ते कुठेच येत नाही. निबंधांत येतं ते कोरडं आहे: ध्यानात बसलेल्यांच्या मेंदूत शांत जागेपणाचीच लाट दिसते, काही अलौकिक दिसत नाही. कलकत्त्याचे दास आणि फ्रान्सचे गास्तो यांनी १९५५ मध्ये बरोबर उलटं, ध्यान चढत जाताना लाटा वेगवान होत जातात असं नोंदवलं होतं.

मग दिल्ली. १९६१ मध्ये एम्सचे बी. के. आनंद, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांचा निबंध आला, आणि तो आजही सांगितला जातो. समाधीत बसलेल्या चार योग्यांच्या डोक्यावर तारा लावल्या. एरवी त्यांच्या डोळ्यांवर झगझगीत उजेड टाकला, मोठा आवाज केला, तापलेली काचनळी अंगाला लावली की लाट मोडायची, तुमच्या-माझ्या मोडेल तशीच. समाधीत मात्र उजेड पडला, आवाज झाला, चटका बसला, तरी लाट मोडली नाही. आणखी दोघांनी हात चार अंशांच्या गार पाण्यात पाऊणएक तास बुडवून ठेवला, आणि लाट आपली चालूच.

इंद्रियांचे दरवाजे आतून लावता येतात असं योगशास्त्र म्हणतं, त्याला प्रत्याहार हा शब्द आहे. तो कागदावर दिसला असं वाटून लोक हरखले. पण १९६६ मध्ये जपानच्या कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधूंवर काम केलं, तेव्हा भलतंच चित्र आलं. साध्या माणसाला तोच टिकटिक आवाज वीस वेळा ऐकवला तर मेंदू सरावतो आणि लाट मोडायची थांबते. साधूंची लाट मात्र प्रत्येक वेळी नव्याने मोडत होती, जणू प्रत्येक आवाज पहिलाच. योग्याचं दार बंद, झेन साधूचं सताड उघडं! दोन परंपरा स्वतःबद्दल जे सांगतात तेच यंत्र बोलून दाखवतंय, असा हा सुंदर जोड होता. इतका सुंदर की शंका यावी. १९८१ मध्ये बेकर आणि शपिरो यांनी योगी, झेन साधक आणि इतरांना एकाच पद्धतीने तपासलं, तेव्हा गटागटांत असा फरक सापडला नाही.

आणि फरक सापडला असता तरी एक अडचण होतीच. लाट मोडली नाही, म्हणजे योग्याला उजेड दिसला नाही? की दिसला, पण त्याने त्याकडे बघितलं नाही? कागदावरची रेघ हे सांगू शकत नाही. त्यालाच विचारावं लागतं, आणि विचारलं की समाधी संपली.

नेमक्या या अडचणीवर अमळनेरचे लोक तीस वर्षं आधी बसले होते, कसलंही यंत्र न घेता. १९३० मध्ये तत्त्वज्ञान मंदिराने कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं ‘द सब्जेक्ट अॅज फ्रीडम’ प्रसिद्ध केलं. पुस्तक लहान आहे आणि वाचायला अतोनात कठीण. मी दोनदा अर्ध्यावर सोडलं, तिसऱ्यांदा कसंबसं संपवलं. त्यात अभावाच्या ज्ञानाची एक चर्चा आहे, ती मात्र भुसावळच्या माणसाला चटकन कळेल. पाहुण्यांना घ्यायला तुम्ही फलाटावर गेलात. गाडी आली, माणसं उतरली, पांगली. पाहुणे नाहीत. हे ‘नाहीत’ तुम्हाला दिसतंच, हमालाइतकं आणि चहावाल्याइतकं स्पष्ट. पण डोळ्यांत शिरलेल्या उजेडात ‘नाहीत’ नावाची कुठलीही वस्तू नव्हती. ते आलं कुठून? जुन्या वेदान्त्यांनी याला अनुपलब्धी म्हणून वेगळं प्रमाण मानलं होतं. भट्टाचार्यांनी तिथून पुढे जाऊन विचारलं, की असा अभाव ज्याला जाणवतो तो जाणणारा कोण. असंच उदाहरण सार्त्रने १९४३ मध्ये दिलं, कॅफेत न आलेल्या मित्राचं, आणि ते जगभर पोचलं. अमळनेरचं पुस्तक तेरा वर्षं आधीचं. पॅरिसला छापलं गेलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती, असं मनात येतंच.

१९३३ मध्ये संस्थेतल्या तिघांनी, घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी, ‘अज्ञान’ या नावाचं पुस्तक मिळून लिहिलं. एकाच विषयावर तिघे, आणि तिघांचं एकमत नाही. मलकानी संस्थेचे प्रमुख आणि ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’चे संपादक. त्यांचा पक्ष थोडक्यात असा: रूप डोळ्याला दिसतं, डोळ्याचं बरंवाईट मनाला कळतं, मनाची चलबिचल साक्षीला, म्हणजे आतल्या निव्वळ जाणणाऱ्याला, कळते, पण साक्षीला वस्तू करून समोर ठेवता येत नाही, कारण समोर ठेवलेलं काहीही दृश्य झालं, द्रष्टा नव्हे. मेंदूची लाट दाखवा, ती दृश्य. तिच्यापेक्षा बारीक काही दाखवा, तेही दृश्य.

हा युक्तिवाद मला अभेद्य वाटतो, आणि थोडा आळशीही. अभेद्य, कारण त्याच्यातून यंत्राने सुटका होत नाही. आळशी, कारण एकदा तो मान्य केला की लाल-हिरव्या काचांच्या खेळात दर काही सेकंदांनी काय बदलतं, हे शोधायची गरजच राहत नाही. अमळनेरच्या पंडितांनी ते शोधलं नाही. लोणावळ्याने मोजायची सवय लावली, पण पोट, श्वास आणि नाडी यांपलीकडे तीही फारशी पोचली नाही.

तो शोध १९८९ मध्ये अमेरिकेत एमआयटीला लागायला सुरुवात झाली, तोही माकडांकडून. लोगोथेटिस आणि शॉल यांनी माकडांच्या दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली. हा आपलाच काचांचा खेळ, रंगांऐवजी सरकत्या पट्ट्यांचा. कुठली पट्टी दिसतेय ते माकडाने खुणेने सांगायचं, आणि मेंदूतल्या एकेका पेशीजवळ रुतवलेली तार ती पेशी कधी बोलते ते सांगणार. काही पेशी डोळ्यात काय शिरतंय त्याप्रमाणे बोलत होत्या, काही मात्र माकडाला काय दिसतंय त्याप्रमाणे. पुढच्या काही वर्षांत नकाशा स्पष्ट झाला. डोक्याच्या अगदी मागे, जिथे दृष्टीचा निरोप पहिल्यांदा पोचतो, तिथे दिसण्याबरोबर बदलणाऱ्या पेशी थोड्याच. तिथून पुढे, कानाच्या आतल्या अंगाला जिथे चेहरे आणि वस्तू ओळखल्या जातात, तिथे दहातल्या नऊ. निरोप जसा पुढे जातो तसा तो ‘उजेड’ कमी आणि ‘दिसणं’ जास्त होत जातो.

याच उत्साहात १९९८ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेनला क्रिस्तोफ कोख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली: जाणिवेची मेंदूतली खूण पंचवीस वर्षांत सापडेल. हरणाऱ्याने उंची वाइन द्यायची. चाल्मर्सचं म्हणणं मलकानींना परकं वाटलं नसतं, भाषा तेवढी निराळी. पैजेचा निकाल लावायला म्हणून नव्हे, पण तिची मुदत संपत येण्याच्या सुमाराला एक मोठा प्रयोग झाला. दोन प्रतिस्पर्धी सिद्धान्त, दोन्ही बाजूंनी आधीच लिहून दिलेली भाकितं, अडीचशेहून जास्त स्वयंसेवक, त्यांच्यापुढे चेहरे, वस्तू, अक्षरं आणि अक्षरांसारखी दिसणारी निरर्थक चिन्हं. एक सिद्धान्त म्हणे दिसण्याचं ठिकाण मेंदूच्या मागच्या भागात. दुसरा म्हणे कपाळामागच्या भागात निरोप सगळीकडे जाहीर झाला की मगच दिसलं म्हणायचं. निकालात दोघांचीही काही भाकितं खरी ठरली, आणि दोघांचीही मोक्याची भाकितं चुकली. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला भर सभेत कोखने हार मानली आणि चाल्मर्सच्या हाती वाइन दिली. प्रयोगाचा सविस्तर निबंध एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. दोघांनी आणखी पंचवीस वर्षांची पैज लावली आहे, मुदत २०४८.

तत्त्वज्ञान मंदिराचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. गिरणीचे दिवस फिरले, संस्थेची रया कमी झाली. १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने अमळनेरच्या या केंद्राच्या सहकार्याने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ चालवलं. तिथल्या वादांत आज डोकावणारं कुणी क्वचितच भेटतं. कुवलयानंद १९६६ मध्ये गेले. कैवल्यधाम चालू आहे, आणि तिथे शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांना आपले स्वामी एकेकाळी खानदेशातले प्राचार्य होते हे बहुतेक ठाऊक नसतं.

अमळनेरहून परतताना भुसावळच्या यार्डात गाडी नेहमीप्रमाणे रखडली. शेजारी बसलेले निवृत्त ड्रायव्हर, आता म्हणायचं लोको पायलट, मी काय वाचतोय म्हणून डोकावले. मी त्यांना माकडाची गोष्ट सांगितली. खुणेने सांगणारं माकड त्यांना फार आवडलं.

“भाऊ, आमचंही तेच होतं की,” ते म्हणाले. “सिग्नल दिसला की मनात ठेवायचा नाही. असिस्टंट मोठ्याने म्हणणार, डबल यलो. मग आपण म्हणायचं, डबल यलो. दोघांचं जुळलं तर गाडी पुढे.”

“आणि नाही जुळलं तर?”

“मग लाल समजायचा,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. होम सिग्नल अजून लालच होता.